चाळीस गुण

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लेस्टरहून माझ्या नातीचा फोन येतो. सलाम होतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी होते, आंब्याला मोहोर आला का हे विचारून होतं, आणि मग बाईसाहेब मुद्द्यावर येतात. "नानी, अर्धा सीझन झाला. आता सांग, आपलं काय होईल?"

आपलं म्हणजे लेस्टर सिटी या फुटबॉल क्लबचं. नात दहा वर्षांची आहे. तिचं मराठी अर्धं इंग्रजी आणि अर्धं आमच्या कोकणी बोलीतलं. पण गुणतक्ता तिला तोंडपाठ असतो. किती मॅच झाल्या, किती उरल्या, घरच्या मैदानावर किती, बाहेर किती. मीही वही घेऊन बसते. दापोली तालुक्यातल्या एका खेड्यात बसून म्हातारी बाई इंग्लंडच्या क्लबचा हिशेब मांडते, याचं आमच्या शेजारणींना अजून हसू येतं. हे (म्हणजे आमचे मालक) सत्तावीस वर्षं कुवेतला राहून आले, तरी त्यांना फुटबॉलचा गंध नाही. ते फक्त क्रिकेट पाहतात आणि माझ्याकडे पाहून मान हलवतात.

मीही फुटबॉलवाली नव्हते. चौतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. सहामाहीचे पेपर तपासायचे, प्रगतिपुस्तकं भरायची, आणि पालक आले की समजूत घालायची, हा माझा धंदा. सहामाहीला पोरगं काठावर असलं की बाप कोसळतो आणि पहिलं आलं की आई पेढे वाटते. दोघांनाही मी सांगत असे, अजून अर्धं वर्ष आहे. सांगणं सोपं होतं, कारण पोरं दुसऱ्यांची होती.

२०१५ साली माझी मुलगी पहिल्यांदा आई होणार होती. तारीख २६ फेब्रुवारीची होती. माझं तिकीट जानेवारीच्या अखेरीचं, व्हिसा हातात, मेथीचे लाडू, डिंक, सुकं खोबरं यांची यादी तयार. ११ डिसेंबरला, शुक्रवारी, जुम्याची नमाज उरकून हे घरी येत होते तेव्हा फोन आला. मुलगी झाली. एकोणतीस आठवड्यांची. वजन १ किलो १८० ग्रॅम.

यादीतलं काहीही न घेता मी निघाले आणि १६ तारखेला लेस्टरला पोचले.

बर्फ असेल म्हणून दोन स्वेटर अंगावर घालून गेले होते. पण त्या वर्षी इंग्लंडमध्ये डिसेंबर असा उबदार होता की लोकांच्या बागेत वसंतातली पिवळी फुलं उमलली होती. पाऊस मात्र रोज. जावई विमानतळावरून मला थेट हॉस्पिटलात घेऊन गेले. कोपरापर्यंत हात धुवायला लावले, घड्याळ आणि बांगड्या काढायला लावल्या, आणि काचेच्या पेटीसमोर नेऊन उभं केलं. माझ्या हाताच्या पंज्यापेक्षा थोडी मोठी असेल. डोक्यावर विणलेली टोपी, नाकाला नळ्या, छाती कबुतरासारखी धडधडणारी. पेटीला दोन गोल खिडक्या होत्या. त्यातल्या एका खिडकीशी तोंड नेऊन जावयांनी तिच्या कानात अजान दिली होती, अगदी हळू, कारण नर्सने सांगितलं होतं की या बाळांना मोठा आवाज सोसत नाही.

मी "या अल्लाह" म्हणून तिथल्याच खुर्चीवर बसले. तेवढ्यात नर्स आली, बाळाच्या नळ्या पाहिल्या, आकडे लिहिले, आणि जावयांना म्हणाली, "सोमवारी चेल्सीला हरवलं, पाहिलंत ना?" जावई हसले. मला वाटलं, ही दोघं वेडी आहेत.

दुसऱ्या दिवशी चेल्सीने आपल्या प्रशिक्षकाला, जोसे मोरिन्योला, काढून टाकलं. इंग्लंडच्या गतविजेत्या क्लबचा प्रशिक्षक लेस्टरकडून २-१ हरल्यावर तीन दिवसांत घरी गेला. त्या दिवशी वॉर्डात लादी पुसणाऱ्या गुजराती बाईपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तेच बोलत होते. आमच्यासाठी तो दिवस वेगळ्याच कारणाने मोठा होता. बाळाला नळीतून दर वेळी तीन मिलीलिटर दूध पचलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. इंग्लंडच्या वरच्या विभागात वीस क्लब असतात. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे अडतीस मॅच. जिंकलं तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. शेवटी तळाचे तीन क्लब खालच्या विभागात ढकलले जातात. चाळीस गुण झाले की सहसा कुणी खाली जात नाही, म्हणून लहान क्लबांचे लोक सगळं वर्ष त्या चाळिसाकडे डोळे लावून बसतात. आमच्याकडे पस्तीस टक्क्यांना जसं पाहतात, तसं.

आदल्या वर्षीच्या नाताळात लेस्टर सतरा मॅचमध्ये दहा गुण मिळवून तळाशी होतं. मार्च संपला तरी तळाशीच. मग शेवटच्या नऊपैकी सात मॅच जिंकून एक्केचाळीस गुणांवर ते कसेबसे तरले. उन्हाळ्यात क्लॉडिओ रानिएरी नावाचे इटालियन गृहस्थ प्रशिक्षक म्हणून आले. त्यांना नुकतंच ग्रीसच्या संघाने काढलं होतं, कारण ग्रीस फेरो बेटांसारख्या चिमुकल्या देशाकडून हरला होता. लेस्टर अजिंक्य ठरेल यावर सट्टेवाले एकाला पाच हजार देत होते. सट्टा आपल्याला हराम, पण आकड्यावरून लोकांचा भरवसा किती होता ते कळतं. आणि त्याच लेस्टरचे या डिसेंबरात सतरा मॅचमध्ये अडतीस गुण झाले होते. १९ तारखेला एव्हर्टनला त्यांच्या मैदानावर ३-२ हरवून क्लब नाताळात सगळ्यात वर होता.

ती मॅच जावयांनी पेटीशेजारी बसून ऐकली. एका कानात यंत्र, दुसरा कान बाळाच्या यंत्राकडे. मला ते आवडलं नाही. मी बोलले नाही, पण माझा चेहरा बोलका आहे असं शाळेतले सहकारी म्हणत.

वॉर्डाच्या टोकाला आईबापांसाठी चहाची खोली होती. खरा हिशेब तिथे चाले. एक इंग्रज आजोबा होते, सत्तरी ओलांडलेले, निळा मफलर गळ्यात. त्यांचा नातूही आत पेटीत होता. तरुणपणी त्यांनी लेस्टरला कपाच्या तीन फायनल हरताना पाहिलं होतं, १९६१, १९६३ आणि १९६९. १९४९ची चौथी त्यांच्या वडिलांनी पाहिली होती. सात वर्षांपूर्वी क्लब तिसऱ्या पायरीवर घसरला, तेव्हाही ते जात होते. त्यांचं म्हणणं ठरलेलं. "अडतीस झाले. दोन पाहिजेत. त्यापुढचं मला काही विचारू नका." जावई गेल्या वर्षीच्या त्याच मॅच आणि या वर्षीच्या मॅच यांची जोडी लावून किती गुण वाढले ते मोजत. एक पंजाबी बाप होता, जुळ्यांचा. तो फक्त खाल्लेले गोल मोजायचा. पहिल्या नऊ मॅचमध्ये एकही अशी नव्हती की जिच्यात लेस्टरने गोल खाल्ला नाही. गोल न खाता जिंकलात तर पिझ्झा देईन, असं रानिएरींनी पोरांना सांगितलं होतं. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ते जमलं, तेव्हा सगळ्यांना नेऊन पिझ्झा स्वतःच्या हातांनी करायला लावला. पंजाब्याचं मत असं की खरी सुधारणा तिथून सुरू झाली, बाकी सगळं वार्डीचं नशीब.

आजोबांचा एक विनोद होता. तिसरा रिचर्ड नावाचा राजा पाचशे वर्षांपूर्वी लढाईत पडला, त्याची हाडं लेस्टरच्या एका गाडीतळाखाली सापडली, आणि मार्च २०१५ मध्ये त्याला तिथल्या मोठ्या चर्चमध्ये इतमामाने पुरलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत क्लब जिंकायला लागला. "मेल्यावर मुक्कामाला नीट पोचवलं की माणूस दुआ देतो," असं काहीसं ते म्हणायचे. यावर सगळे हसत. जावई त्या विनोदाला हसत नसत. का, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी ईद-ए-मिलाद आणि नाताळ लागोपाठ आले. नर्सांनी प्रत्येक पेटीवर चांदण्या लावल्या होत्या. मुलीने आमच्या पेटीवर एक हिरवी चिकटवली. २५ तारखेच्या रात्री बाळ श्वास विसरलं.

या बाळांचं असं होतं. मेंदूची घडी बसलेली नसते, मध्येच श्वास घ्यायचा राहून जातो. त्यासाठी त्यांना कॅफीन देतात, होय, तेच कॉफीतलं. यंत्र ओरडतं, नर्स येऊन पाठीवरून बोट फिरवते, आणि बाळ पुन्हा सुरू होतं. त्या रात्री बोट फिरवून भागलं नाही. एकदा, दोनदा, पाच वेळा. जंतुसंसर्गाची शंका आली, रक्त काढलं, औषधं सुरू झाली, आणि ज्या श्वासाच्या यंत्रावरून तिला चार दिवसांपूर्वी उतरवलं होतं त्यावर पुन्हा चढवलं. डॉक्टर म्हणाल्या, "ही बाळं दोन पावलं पुढे जातात, एक मागे येतात." सहामाहीला पालकांना मी हेच सांगत असे, याच सुरात. तेव्हा त्यांना ते कसं लागत असेल ते मला त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी लेस्टर लिव्हरपूलकडून १-० हरलं. सप्टेंबरनंतरची पहिली हार. जावयांनी कानाला यंत्र लावलंच नाही. २९ तारखेला घरच्या मैदानावर मँचेस्टर सिटीविरुद्ध मॅच होती. तिलाही गेले नाहीत. ती ०-० सुटली. मैदान हॉस्पिटलपासून चालत पंधरा मिनिटांवर. रात्री लोक गाड्यांकडे परत जाताना खिडकीतून दिसले.

३१ तारखेला रक्ताचा अहवाल स्वच्छ आला, आणि बाळ यंत्रावरून पुन्हा उतरलं. अल्हम्दुलिल्लाह. १ जानेवारीला चहा पिताना जावई माझ्याकडे न बघता म्हणाले, "अम्मी, उद्या तीन वाजता मॅच आहे. जाऊन येऊ का म्हणतो. दोन तासांचाच प्रश्न आहे."

मी म्हणाले, "लेकरू पेटीत आणि बाप मैदानात? आमच्याकडे असं नसतं."

ते काही बोलले नाहीत. कप धुतला, पालथा घातला, आणि आत गेले.

रात्री मुलगी दूध काढायच्या यंत्राशी बसली होती. दर तीन तासांनी ते काम, दिवस असो की रात्र. ती म्हणाली, "अम्मी, तू त्यांना असं बोलायला नको होतंस." मग तिने सांगितलं. माझे व्याही केनियातून लेस्टरला आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. मूळ मंडणगड तालुक्यातले. बापजादे आगबोटीने मोंबासाला गेलेले. होजिअरीच्या कारखान्यात कामाला लागले आणि पहिल्या वर्षापासून मॅचला जाऊ लागले. त्या काळी गोऱ्यांच्या त्या गर्दीत आपला माणूस उभा राहणं सोपं नव्हतं. पुष्कळ ऐकून घ्यावं लागे. तरी गेले. मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर त्याला नेलं. शेजारी शेजारी दोन खुर्च्या, सगळ्या वर्षाचं तिकीट. मार्च २०१५ मध्ये ते वारले. क्लब तळाशी होता. शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारलेलं, "किती झाले रे?" जावयांनी सांगितलं, "एकोणीस." ते म्हणाले, "मग गेलं हे वर्ष." राजाला पुरल्यानंतर जे झालं त्यातलं काहीच त्यांना दिसलं नाही.

"त्यांच्या खुर्चीचे पैसे हे अजून भरतात," मुलगी म्हणाली. "ती रिकामी ठेवतात. अम्मी, ते तिथे रडतात. इथे रडत नाहीत, कारण इथे मी असते."

फजरनंतर मी जावयांना म्हटलं, "ती दुसरी खुर्ची आज कुणाला देणार आहात का?"

अशी मी आयुष्यातली पहिली फुटबॉल मॅच पाहायला गेले. लेस्टर सिटी विरुद्ध बॉर्नमथ, शनिवार, २ जानेवारी २०१६. जुहर आणि असर उरकून घेतली. आमच्या शाफई हिशेबाने असर दोनच्या आत होते, म्हणून जमलं. पण मगरिब मध्यंतर संपताच लागणार होती. जावई म्हणाले, "सुटल्यावर थेट हॉस्पिटलच्या नमाजखोलीत जाऊ, वेळ मिळते." किंग पॉवर स्टेडियममध्ये बत्तीस हजार माणूस मावतं. बुरख्यावर सुनेने दिलेला जाड कोट, त्यावर जावयांनी गुंडाळलेला निळा मफलर. प्रत्येक खुर्चीवर पुठ्ठ्याची घडी ठेवलेली होती, आपटली की टाळीसारखा आवाज करणारी. मी ती पिशवीत ठेवायला निघाले. मागची बाई म्हणाली, "वाजवायची असते ती."

त्या रांगेतल्या सगळ्यांना बाळाचं माहीत होतं. हे मला अनपेक्षित होतं. शेजारच्या सरदारजींनी आधी वजन विचारलं, मग आठवडे. मागच्या बाईने पिशवीतून लिंबाएवढी निळी टोपी काढली. २९ तारखेला दोन्ही खुर्च्या रिकाम्या पाहून तिने घरी जाऊन विणायला घेतली होती. माझ्या खुर्चीकडे पाहून कुणी काही विचारलं नाही. फक्त सरदारजी हळूच म्हणाले, "चांगलं झालं, आलात."

खेळ मला फारसा कळला नाही. चेंडू इकडून तिकडे, माणसं पडतात, उठतात. महरेझ मात्र ओळखू आला. काडीसारखा बारीक, चेंडू पायाला बांधल्यासारखा. पॅरिसजवळच्या वस्तीत वाढलेला अल्जिरियन पोरगा. तो पंधरा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले, हे जावयांनी मला तिथे सांगितलं. चार-साडेचार लाख पौंडांत आणला होता म्हणे, आणि या खेळात ते चिल्लर. दुसरा कांते, मालीच्या आईबापांचा, तोही आपल्यातला, बुटका आणि न थकणारा.

मध्यंतराला ०-० होते, आणि रांगेत तोच चहाच्या खोलीतला हिशेब निघाला. सरदारजी काळजीत होते. आता ही तिसरी मॅच, ज्यात गोल नाही. समोरच्यांना आपली युक्ती कळली, ते म्हणाले; ते आता पुढे येतच नाहीत, मागे गर्दी करून उभे राहतात, मग वार्डी पळणार कुठे? शिवाय पुढे टॉटनहॅम, मँचेस्टर सिटी, आर्सेनल, तिघांच्याही घरी जायचंय. मागच्या बाईचं उत्तर एकच, गेल्या वर्षी या दिवसांत आपण शेवटचे होतो. जावई म्हणाले, आपण युरोपातल्या स्पर्धेत नाही, पोरांचे पाय ताजे आहेत, मोठे क्लब दमतील तेव्हा बघा. पुढच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला, आपण जिंकणार, अख्खी लीग जिंकणार, आणि त्याच्या बापाने त्याच्या तोंडावर हात ठेवला. नजर लागेल म्हणूनच, दुसरं काही नाही. गोऱ्यांमध्येही ते असतं.

मी गप्प ऐकत होते. मला हे सगळे शिक्षकांच्या खोलीतले वाटले. एक म्हणतो गेल्या परीक्षेशी तुलना करा, दुसरा म्हणतो पुढचा अभ्यासक्रम कठीण आहे, तिसरा म्हणतो आधी पास होऊ दे. आणि कुणालाच माहीत नसतं. माझा कल आजोबांच्या बाजूचा होता. दोन गुण. त्यातला एक सिटीशी बरोबरी करून मिळाला होता. एक बाकी.

उत्तरार्धात वार्डी एकटा पळत सुटला आणि बॉर्नमथच्या कर्णधाराने, सायमन फ्रान्सिसने, त्याला पाडलं. पंचाने लाल कार्ड काढून त्याला बाहेर पाठवलं आणि पेनल्टी दिली. महरेझ चेंडू ठेवून मागे आला. बत्तीस हजार माणसं श्वास धरून. माझ्या तोंडून दुआ निघाली, "या अल्लाह, या पोराचा चेंडू आत जाऊ दे." निघाली आणि मी चपापले. पंधरा मिनिटांवर नात पेटीत आहे आणि मी चेंडूसाठी मागते आहे! लगेच मनात म्हटलं, ही नको, ती कबूल कर. त्याच्याकडे अशी उधार-उसनवारीची वही नसते, हे मी स्वतः मुलांना शिकवलेलं. पण भ्यालेलं माणूस सौदा करतंच.

महरेझने मारला, आणि बोरुच नावाच्या धिप्पाड गोलकीपरने अडवला.

सगळं मैदान एकदम कण्हलं. आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. जावयांकडे पाहिलं, तर त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुठ्ठ्याची टाळी वाजवत होते. चुकलेल्या पोरासाठी सगळेच वाजवू लागले होते. मीही वाजवली. हात दुखेपर्यंत.

०-० वर संपलं. दहा माणसांविरुद्धही गोल झाला नाही, म्हणून लोक चुकचुकत होते. आर्सेनल त्याच दिवशी जिंकून दोन गुणांनी पुढे गेलं. जिने उठताना मागच्या बाईने पुढे वाकून जावयांचा खांदा धरला आणि म्हणाली, "चाळीस." जावई म्हणाले, "चाळीस." मग त्यांनी माझ्या खुर्चीची घडी नीट मिटवली, वर एकदा हात ठेवला, आणि आम्ही निघालो.

नमाजखोलीत मगरिब पढून वॉर्डात गेलो तेव्हा मुलीने बाळाला उघड्या छातीशी धरलं होतं. अशी त्वचेला त्वचा लावून तासन्‌तास धरायला सांगतात. बाळाचा श्वास आईच्या श्वासाला लागतो. वजन झालं होतं. १३४० ग्रॅम. निळी टोपी डोक्याला थोडी मोठी झाली. चहाच्या खोलीत आजोबा उठून उभे राहिले आणि माझ्याशी हात मिळवायला निघाले. मी हात छातीशी नेला, तर त्यांनीही नेला. "आता पुढचं काय?" मी विचारलं. ते म्हणाले, "आता पुढचं मला ठाऊक नाही. चाळिसाच्या पुढे मी कधी विचारच केलेला नाही."

जावयांशी माफीचं असं काही बोलणं झालं नाही. आमच्याकडे होत नाही. पण त्यानंतर घरच्या प्रत्येक मॅचला मीच त्यांना कोट काढून देत असे.

पुढचं जगाला माहीत आहे. १३ तारखेला टॉटनहॅमला त्यांच्या घरी १-० हरवलं. फेब्रुवारीत लिव्हरपूलला २-०, मँचेस्टर सिटीला त्यांच्या मैदानावर ३-१. चहाच्या खोलीतल्या पोरकट बोलण्याला आता कुणी हसत नव्हतं. २ मे रोजी लेस्टर अजिंक्य ठरलं, तेव्हा मी परत गावी आले होते. आमच्याकडे रात्रीचे अडीच वाजत होते, आणि फोनवर नुसता कल्लोळ ऐकू येत होता. पुढे काय काय झालं! मालक हेलिकॉप्टर कोसळून गेले, क्लबने अखेर तो कप जिंकला, मग एकदा खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. २०२१ मध्ये रमजानमध्ये एक मॅच मिनिटभर थांबली, कारण लेस्टरचा फोफाना आणि समोरचा कुयाते यांना इफ्तार करायचा होता, आणि गोलकीपरने त्यासाठी चेंडू मुद्दाम रोखून धरला. ते पाहताना मी व्याह्यांना आठवलं. त्यांनी ज्या काळात त्या गर्दीत उभं राहायला सुरुवात केली, त्या काळाच्या मानाने हे कुठल्या कुठे आलं होतं.

पण नातीला फोनवर मी दरवर्षी सांगते ती गोष्ट यातली नसते. तिला १४ फेब्रुवारीची हवी असते.

त्या रविवारी बाळ घरी यायचं होतं. नेमकी त्याच दिवशी दुपारी बारा वाजता आर्सेनलशी मॅच, लंडनला. पहिले आणि पाठलाग करणारे समोरासमोर. हॉस्पिटलातून सुटायला कागदपत्रं, औषधं, बाळाला गाडीच्या खुर्चीत बसवून श्वास नीट राहतो का ते पाहणं, यात तीन तास गेले. जावयांनी गाडीत रेडिओ लावला नाही. बाळ झोपलं होतं आणि ते ताशी वीस मैलांनी गाडी चालवत होते. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. एव्हिंग्टन रोडवर घराशी पोचलो तेव्हा शेजारचे काका दारातच होते, तोंड उतरलेलं. शेवटच्या मिनिटाला, म्हणजे जादा वेळेच्याही शेवटी, वेलबेकने डोकं लावून गोल केला. २-१ हरलो.

जावयांनी ती खुर्ची दोन्ही हातांनी धरून उंबरठ्याच्या आत ठेवली. बिस्मिल्लाह म्हणून. मग जमिनीवरच बसले आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "अम्मी, किती झाले आता?"

मी म्हटलं, "दोन किलो चारशे ऐंशी."

मुलगी हसायला लागली. ते गुणांचं विचारत होते. त्रेपन्न.